परीटघडी

मागील उन्हाळ्यातील गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या ओसरीत उभे होतो. धर्मग्रामातील एक तरुण जवळ आला. इंजिनिअरिंगची पदवी हाती पडून त्याला वर्ष होत आले होते आणि आता बेंगळूरहून मुलाखतीचे बोलावणे आले होते. आशीर्वाद मागावयास आला असेल, असे आम्हांला वाटले. आशीर्वाद त्याने मागितलाही, परंतु नंतर काहीसा संकोचून म्हणाला, "फादर, एक विचारू? अख्खा दिवस आणि रात्र गाडीत काढायची आहे. उतरल्यावर दोन तासांत हजर व्हायचं. कोट आणि शर्ट चुरगळू नये म्हणून काय करायचं? तुम्ही इतके फिरता, पण तुमचा झगा नेहमी नीट असतो."

प्रश्न आम्हांला आवडला. आम्ही त्याला आत नेले, जेवणाचे टेबल मोकळे केले आणि आमचेच कपडे पसरून अर्धा तास घड्या घालून दाखविल्या. त्या वेळी धर्मग्राम परिषदेचे एक वडीलधारे सदस्य काही कागदांवर सही घेण्यासाठी खुर्चीत बसून होते. तरुण गेल्यावर ते म्हणाले, "फादर, राग मानू नका. पण हा अर्धा तास एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी गेला असता, तर अधिक शोभलं असतं. कपड्यांचा सोस आपणच कमी करायला शिकवायचं, की वाढवायला?"

आम्ही सही केली आणि गप्प राहिलो. उत्तर सुचले नाही म्हणून नव्हे, तर उत्तरे दोन सुचली आणि ती एकमेकांशी जुळेनात म्हणून. तेव्हापासून हा विषय मनात घोळत आहे. वाचकांपुढे तो मांडावा, असे आता वाटते.

मराठीत 'परीटघडी' असा एक नेटका शब्द आहे. परटाकडून आलेल्या कपड्याची जी ताठ, स्वच्छ, कोपऱ्यास कोपरा जुळलेली घडी, ती परीटघडी. त्या घडीला आपल्या भाषेने किती मान दिला आहे पाहा. संसाराची घडी बसते आणि विस्कटते. नव्या वस्त्राची घडी कोणाच्या तरी हातून मोडवून घ्यावयाची, तर ते हात मायेचे असावेत अशी आपली रीत. चुणी मात्र भाषेत कुठेच मानाने आलेली नाही. चुरगळलेला माणूस म्हणजे हरलेला माणूस, असाच सूर दिसतो. वास्तविक घडी काय आणि चुणी काय, दोन्ही कापडाची वाकणेच. एक दिलेली असते, दुसरी पडलेली असते, एवढाच काय तो भेद.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. कापसाचा तंतू सेल्युलोज नावाच्या द्रव्याच्या लांबच लांब साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्या शेजारच्या साखळ्यांना अतिशय नाजूक अशा हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओल आणि ऊब मिळाली की हे बंध सुटतात, आणि कापड सुकताना ते ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत पुन्हा जुळतात. कापडाला जणू तेवढीच आठवण राहते. इस्त्रीवाला पाणी शिंपडतो, तापलेली इस्त्री फिरवितो, वरून दाब देतो. सकाळच्या विरार लोकलमध्ये घाम असतो, अंगाची ऊब असते आणि दाबाविषयी तर काही बोलावयासच नको. म्हणजे विरार लोकल ही देखील एक अवाढव्य इस्त्रीच होय; फक्त तिची मूठ कोणाच्या हातात नाही. वसईच्या पावसाळी हवेत खुंटीवर टांगलेला सुती सदरादेखील का मरगळतो, तेही यावरून कळते.

लोकरीची गोष्ट निराळी. तिचा तंतू मुळात कुरळा आणि लवचिक. वाकविला तरी वेळ मिळाल्यास आपल्या आकारात परत येऊ पाहतो. म्हणून लोकरी कोट रात्रभर टांगला तर सकाळपर्यंत बराच सावरतो. आणि टेरिलीन! विनफील्ड आणि डिक्सन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली ज्या धाग्याचा शोध लावला, तो एकदा उष्णतेने ज्या आकारात बसविला त्या आकाराला चिकटून राहतो. आमच्या झग्याचे रहस्य त्या तरुणाला आम्ही प्रामाणिकपणे सांगून टाकले. झगा टेरीकॉटचा आहे. श्रेय आमच्या नीटनेटकेपणाचे कमी आणि रसायनशास्त्राचे जास्त. पुढे अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथील सरकारी प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या विदुषींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापसाच्या साखळ्यांनाही एकमेकींशी पक्के जोडून सुरकुती न पडणारे सुती कापड तयार करण्याच्या कामात मोठी भर घातली. त्या २०१३ साली, वयाच्या सत्त्याण्णवव्या वर्षी, निवर्तल्या. अशा कापडाबाबत एक गोष्ट मात्र विणकरांना ठाऊक असते. साखळ्या अशा जखडल्या की सुरकुती पडत नाही खरी, पण कापड थोडे कमजोर होते. ताण आला की लवकर फाटते. ज्याला वाकणे माहीत नाही त्याचे असे होते, एवढे म्हणून आम्ही पुढे जातो. प्रवचनाचा मोह आवरलेला बरा.

आता त्या तरुणाला काय दाखविले ते सांगितले पाहिजे, कारण लग्नसराई जवळ आली की हा प्रश्न घरोघरी पडतो. बॅग कोंबून भरू नये, हे सर्वांना ठाऊक असते. ती अर्धी रिकामीही ठेवू नये, हे फार थोड्यांना. रिकाम्या बॅगेत कपडे घसरून एका कोपऱ्यात गोळा होतात आणि तेथेच त्यांचा चोळामोळा होतो. पँट इस्त्रीच्या धारेवर धार ठेवून तळाशी पसरावी आणि तिचे पाय बॅगेच्या काठाबाहेर लोंबू द्यावेत; बाकीचे कपडे त्यावर ठेवून झाल्यावर ते पाय वर आणून पांघरूण घालावे तसे घालावेत. म्हणजे गुडघ्याशी तीक्ष्ण वाकण न पडता मऊ गोलाई येते. सदऱ्याच्या गुंड्या लावून, बाह्या पाठीवर वळवून घ्याव्यात. कॉलरच्या आत मोज्यांची गुंडाळी ठेवली की ती चेपत नाही. बनियन, टॉवेल यांच्या वळकट्या कराव्यात आणि जेथे जेथे घडी पडणार तेथे त्या उशीसारख्या ठेवाव्यात. ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून कपड्यावर जे पातळ प्लॅस्टिकचे आवरण येते ते टाकून देऊ नये. कापड कापडाला अडले की चुणी पडते. मध्ये निसरडे प्लॅस्टिक असले की ते घसरते. आमच्या लहानपणी त्या जागी वर्तमानपत्र घालीत असत, पण पांढऱ्या कपड्यावर शाई उमटते. जुन्या मलमलीचा तुकडा सर्वांत बरा.

रेशमी साडीला वेगळे नियम. तिची घडी दर काही महिन्यांनी बदलावी, नाहीतर जर त्याच रेषेवर तुटते. तिला मलमलीत गुंडाळावे. प्लॅस्टिकमध्ये फार दिवस ठेवू नये आणि घाईघाईने पाण्याचा शिबका मुळीच मारू नये, कारण रेशमावर पाण्याचे डाग राहतात. मुक्कामी पोहोचल्यावर चहापाण्याआधी बॅग उघडावी, कपडे टांगावेत. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ झाली असेल तर कोट पंधरा मिनिटे तेथे टांगून ठेवावा. कोटाची घडी कशी घालावयाची, ही यांतील सर्वांत अवघड विद्या. ती आम्ही सेमिनरीत शिकलो नाही. कोणाकडून शिकलो ते पुढे येईल.

असो. परिषदेच्या त्या सदस्यांच्या आक्षेपाकडे वळावे. कपड्यांची इतकी चिंता ही देहाची आणि डौलाची चिंता नव्हे काय? 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' हे जगाचे म्हणणे. आपण तेच शिकवावे काय?

आक्षेप जुना आहे आणि वजनदार आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता अँटिस्थेनीस फाटका झगा पांघरीत असे आणि त्याचे भोक लोकांना दिसेल अशा बेताने तो वळवून घेई. या भोकातून मला तुझा अहंकार दिसतो, अशा आशयाचे सॉक्रेटिस त्याला म्हणाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. संत ऑगस्टीन यांनी डोंगरावरील प्रवचनावर भाष्य करताना हाच धोका दाखविला आहे. मळक्या, उदासवाण्या वेषातही बढाई असू शकते, आणि ती अधिक घातक. कारण ती देवसेवेच्या नावाखाली फसविते. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'मध्ये बाह्य वेषाच्या मर्यादेचा एक स्वतंत्र प्रश्न घेतला आहे. सेमिनरीत असताना तो आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. या निमित्ताने पुन्हा काढला. अतिरेकाचे दोष ते सांगतातच, पण उणिवेचेही दोन दोष मोजतात. एक, वेषाच्या उणिवेतून कीर्ती मिळवू पाहणाऱ्याचा. दुसरा, निव्वळ हयगयीचा. येथे ते ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण घेतात: उचलण्याचे कष्ट नकोत म्हणून आपला झगा जमिनीवर फरफटू देणारा माणूस. हे उदाहरण वाचून आम्हांला हसू आले, कारण असे दोघे-तिघे आमच्या सोबत्यांत होते. बेफिकिरीला आम्ही तेव्हा वैराग्य समजत होतो.

मात्र या विषयावर आम्हांला सर्वांत पटलेले म्हणणे जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सालस यांचे. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या 'भक्तिमय जीवनाची ओळख' या त्यांच्या ग्रंथात पोषाखाच्या शालीनतेवर एक छोटे प्रकरण आहे. हा ग्रंथ त्यांनी संन्याशांसाठी नव्हे, तर संसारी माणसांसाठी लिहिला. स्वच्छता आणि नीटनेटकेपणा यांचा ते आग्रह धरतात आणि त्याचे जे कारण देतात ते मोठे मार्मिक आहे. अव्यवस्थित वेषाने लोकांत जाणे ही ज्यांच्याकडे जावयाचे त्यांची एक प्रकारे अवहेलनाच, असा त्यांचा आशय. म्हणजे प्रश्न मी कसा दिसतो हा नाही. समोरच्याला मी किती मोजतो हा आहे.

प्रवासाच्या बॅगेत घडी घालताना नेमके हेच घडते. घरात आरशापुढे उभे राहून कपडे नीट करणे वेगळे. तेथे आपण स्वतःकडे पाहत असतो. बॅग भरताना आरसा नसतो. उद्या ज्या घरी, ज्या माणसांपुढे उभे राहावयाचे, त्यांची आठवण काढून माणूस आज हात जपून चालवितो. मयतीला जावयाचे असले तरी काळ्या पँटची घडी नीट घालणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांत डौल कसला? मिस्सेत वेदीवर जे कॉर्पोरल अंथरले जाते, ते दोन उभ्या आणि दोन आडव्या घड्यांनी नऊ चौकोनांत दुमडलेले असते आणि घड्या आतल्या बाजूस मिटलेल्या असतात, कारण पवित्र भाकरीचा एखादा कण राहिला असेल तर तो सांडू नये. तेथे घडी शोभेसाठी नाही. तेथे घडी हीच काळजी.

इतके लिहून झाल्यावर आमचे पहिले उत्तर पूर्ण होते. येथेच थांबलो असतो तर लेख सुबक झाला असता. अडचण दुसऱ्या उत्तराची आहे.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात राजाच्या मुलाच्या लग्नाला लग्नाचा पोषाख न घालता आलेल्या पाहुण्याला बाहेरच्या अंधारात टाकले जाते. संत याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत सोन्याची अंगठी आणि भपकेदार वस्त्रे ल्यालेला एक जण येतो आणि मळक्या कपड्यांतला एक गरीब येतो. पहिल्याला चांगली जागा आणि दुसऱ्याला पायाशी जागा देणाऱ्यांना प्रेषित खडसावतात. एका ठिकाणी पोषाखावरून माणूस बाहेर काढला जातो. दुसऱ्या ठिकाणी पोषाखावरून माणसाला जोखणे हेच पाप ठरते. पोप संत ग्रेगरी यांनी आपल्या एका प्रवचनात लग्नाचा पोषाख म्हणजे प्रीती, असा उलगडा केला आहे. वस्त्र जसे वरच्या आणि खालच्या अशा दोन लाकडांमध्ये विणले जाते, तशी प्रीती दोन आज्ञांमध्ये, असा त्यांचा दृष्टांत. उलगडा सुंदर आहे आणि सेमिनरीच्या परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात. परंतु दारात उभ्या असलेल्या खऱ्या माणसाच्या खऱ्या कोटाचे काय करावयाचे, हे त्यातून आपोआप कळत नाही. निदान आम्हांला कळले नव्हते.

२००५ सालचा मे महिना. आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक होतो. सकाळच्या लग्नाच्या मिस्सेपूर्वी वधूचे वडील साक्रिस्तीत आले. आखातात नोकरीला असत. आदल्या रात्रीच्या विमानाने आले होते. अंगात राखाडी कोट, आणि त्याची उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत अशी चुरगळलेली की जणू कोणी मुठीत धरून पिळली होती. पाठीवरही आडव्या सुरकुत्या. आम्ही तरुण होतो, नीटनेटकेपणाचा अभिमान होता. हसत हसत बोलून गेलो, "अहो, मुलीचं लग्न आहे. कोटावर निदान इस्त्री तरी फिरवायची!" वेदीसेवक मुले तेथे होती, ती फिसकन हसली. ते काही बोलले नाहीत. डाव्या हाताच्या तळव्याने उजवी बाही दाबून धरली आणि 'हो, फादर' म्हणून बाहेर गेले. मिस्साभर पहिल्या बाकावर ते तसेच बसलेले आम्हांला दिसत होते: डावा हात उजव्या बाहीवर.

पाच वर्षांनी त्याच गावी एका दफनविधीला गेलो असता त्या घरी चहाला थांबलो. ते आता कायमचे परतले होते. त्यांच्या पत्नीने लग्नाचा आल्बम काढला आणि कौतुकाने एकेक पान उलटू लागल्या. मध्येच हसून म्हणाल्या, "बघा ना फादर, प्रत्येक फोटोत हे असे हात बांधून उभे! मुलीच्या खांद्यावर हात ठेवा म्हणून फोटोवाला ओरडून थकला." खरेच, एकाही छायाचित्रात त्या गृहस्थांची उजवी बाही दिसत नव्हती. मुलीच्या खांद्यावर बापाचा हात एकाही छायाचित्रात नव्हता.

आम्ही पानाकडे पाहत राहिलो. पत्नीला ठाऊक नव्हते, हे उघड होते. त्यांना ठाऊक होते आणि आम्हांला होते.

वाचकहो, आम्ही पुष्कळांची पापनिवेदने ऐकली आहेत, पण चहाच्या कपापुढे बसून एका गृहस्थाची क्षमा मागणे आम्हांला फार जड गेले. पत्नी आत गेल्यावर आम्ही ते कसेबसे बोललो. ते प्रथम 'काय फादर, जुनी गोष्ट' म्हणाले. मग हळूहळू सगळे सांगितले, तक्रार म्हणून नव्हे. रजा चारच दिवसांची मिळाली होती. खोलीत आठ जण राहत. त्यांतला एक केरळचा शिंपी. त्याने स्वतः कोटाची घडी घालून दिली होती, आत टॉवेलची वळकटी ठेवून. विमानतळावर तपासणीत बॅग उघडली गेली, सगळे कपडे बाहेर काढले गेले. मागे रांग खोळंबलेली. पुन्हा भरताना हात थरथरत होते, कारण विमान चुकले असते तर लग्न चुकले असते. कोट जसा बसला तसा कोंबला आणि चेन ओढली. पहाटे पाचला घरी पोहोचले, तर वीज गेलेली. त्या वर्षांतले भारनियमन वसईकरांना आठवत असेल. इस्त्री होती, पण तापणार कशावर? शेजारी कोळशाची इस्त्री कोणाकडे उरली नव्हती.

म्हणजे त्या कोटाच्या बाबतीत जी जी काळजी घ्यावयाची ती सगळी घेतली गेली होती, आमच्या झग्यासाठी आम्ही कधी घेतली नसेल इतकी. चुण्या त्यानंतर पडल्या. संत फ्रान्सिस द सालस यांचा नियम त्यांनी पाळला होता आणि अवहेलना मात्र आमच्याकडून झाली. चुणीकडे पाहून आम्ही हयगय वाचली. तेथे लिहिलेली होती घाई, भीती आणि चार दिवसांची रजा. कापडाची आठवण खरी असते, पण ती अपुरी असते. काय घडले ते कापड सांगते. कोणाच्या दोषाने, ते सांगत नाही.

म्हणून आमची दोन उत्तरे एकमेकांना खोडीत नाहीत, असे आता वाटते. ती दोन वेगळ्या माणसांसाठी आहेत. स्वतःची बॅग भरणाऱ्याला घडीचा आग्रह असावा. दाराशी उभे राहून येणाऱ्याचे स्वागत करणाऱ्याला चुणी दिसूच नये. घोटाळा होतो तो आपण दारात उभे असताना बॅग भरणाऱ्याचे नियम वापरतो तेव्हा. ख्रिस्तसभेला डाग किंवा सुरकुती नसावी, असे संत पौल यांनी इफिसकरांस लिहिले. पुढे वृद्धपणी संत ऑगस्टीन यांनी आपल्याच जुन्या ग्रंथांची उजळणी करताना एक खुलासा मुद्दाम नोंदविला. सुरकुतीविरहित ख्रिस्तसभा असे आपण जेथे म्हटले आहे, तेथे ती आजच तशी आहे असे समजू नये; ती तशी होण्यासाठी तयार केली जात आहे, असे समजावे. इस्त्री अजून चालू आहे म्हणायची. अशा वेळी शेजारच्या बाकावरील बाहीकडे बोट दाखविणारा आपल्या पाठीवरच्या चुण्या विसरतो. त्या त्याला दिसणे शक्यही नसते.

आणखी एक गोष्ट राहिली. ती परिषदेच्या त्या सदस्यांना थोडी झोंबेल, पण ते आमचे स्नेही आहेत. त्यांचा पांढरा सदरा नेहमी परीटघडीचा असतो. ती घडी त्यांनी घातलेली नाही. आपल्या घराघरांत पुरुषांच्या नीटनेटकेपणामागे बहुधा कोणा स्त्रीची रात्र असते, किंवा नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याची भर उन्हातली दुपार. कपड्यांचा सोस नको, असे म्हणणे त्यांना सोपे, कारण सोस दुसरे कोणी करीत आहे. आम्ही तरी निराळे कोठे होतो? १९८८ साली गोरेगावच्या सेमिनरीत निघालो तेव्हा पत्र्याची ट्रंक आईने भरली. आमच्याकडे विजेची इस्त्री नव्हती. शेजाऱ्यांची कोळशाची इस्त्री आणून, तिच्यातली राख फुंकून फुंकून, तिने सहा सदरे केले आणि आपल्या जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा वर घातला. दर सुट्टीनंतर असेच. साध्या राहणीवर आम्ही तिला उपदेशही करीत असू, तिने इस्त्री केलेला सदरा अंगात घालून. तिने कधी उलट उत्तर दिले नाही. त्या तरुणाला आम्ही अर्धा तास दिला याचे एक कारण हेही की, पहाटे चारला उठून मासळीबाजाराला जाणाऱ्या त्याच्या आईने आता त्याची बॅग भरू नये.

मलमलीचा तो तुकडा अजून आमच्याकडे आहे. मध्ये विरला आहे.

कोटाचे राहिले. क्षमा मागून झाल्यावर आम्ही उठू लागलो, तेव्हा त्या गृहस्थांनी आम्हांला पुन्हा बसविले. आतून तोच राखाडी कोट आणला. त्या शिंप्याने शिकविलेली घडी आपल्याला येते, ती तुम्हांला दाखवितो, म्हणाले. त्यांनी कोट उभा धरला, दोन्ही हात आतून खांद्यांत घातले, डावा खांदा उलटा करून अस्तर बाहेर काढले आणि उजवा खांदा त्या पोकळीत अलगद सारला. बाह्या आत एकीवर एक निजल्या. बाहेर फक्त अस्तर. मग टॉवेलच्या वळकटीवरून कोट मधोमध दुमडला. एवढेच. चहाच्या टेबलावर ती घडी पाळण्यातल्या मुलासारखी दिसत होती.

"आता तुम्ही करा, फादर," ते म्हणाले.

पहिल्या वेळी आमच्या बाह्या बाहेर लोंबल्या. दुसऱ्या वेळी खांदा नीट उलटला नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी घडी हातात घेतली, खांद्यावरून अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "चालेल."